बोटीच्या केबिनमधला डिझेल हीटर : निवड, वापर आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका

इंग्लंडमधल्या कालव्यांवर आणि नद्यांवर बोटीतच घर करून राहणारे हजारो लोक आहेत. शहरातले घरभाडे परवडत नाही म्हणून किंवा हौस म्हणून आपल्याकडून तिकडे गेलेली मुलेही आता अशा नॅरोबोटीत राहताना किंवा सुट्टीत ती भाड्याने घेताना दिसतात. नॅरोबोट म्हणजे जेमतेम ७ फूट रुंदीची, लांबलचक लोखंडी बोट. हिवाळ्यात तिथे हीटरशिवाय रात्र काढता येत नाही, आणि हा हीटर अनेकदा डिझेलवर चालतो.

चांगला बसवलेला आणि नीट सांभाळलेला डिझेल हीटर सुरक्षित असतो. मात्र त्याचा धूर बोटीबाहेर जाण्याऐवजी केबिनमध्ये आला, तर झोपेतच माणसे दगावतात. म्हणून हीटर निवडताना काय पाहावे, तो कसा चालवावा, विषबाधेची लक्षणे कशी ओळखावीत आणि त्या वेळी काय करावे, हे सर्व या लेखात एकत्र दिले आहे. तुम्ही स्वतः बोटीवर राहत नसाल, पण तुमचे कोणी राहत असेल, तरी लक्षणांचा भाग जरूर वाचा. फोनवर ‘रोज सकाळी डोके दुखते’ हे वाक्य तुम्हीच आधी ऐकणार आहात.

थोडक्यात महत्त्वाचे

• कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. नाकावर भरवसा ठेवू नका.
• केबिनमध्ये डोके दुखते आणि बाहेर गेल्यावर बरे वाटते, असे होत असेल तर हीटर बंद करा आणि बाहेर पडा.
• बोटीवरील सर्वांना एकाच वेळी बरे वाटेनासे झाले, तर ती विषबाधा समजूनच वागा.
• बोटावर लावायचा पल्स ऑक्सिमीटर या विषबाधेत खोटा दिलासा देतो.
• कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय हीटर लावून झोपू नका.

हा वायू शरीरात काय करतो?

डिझेल, गॅस, रॉकेल, लाकूड किंवा कोळसा जळताना पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही, तर ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. श्वासातून तो रक्तात जातो. रक्तातले हिमोग्लोबिन एरवी ऑक्सिजन वाहून नेते. पण कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण थोडे असले तरी तासातासाने रक्तात तो साठत जातो. शिवाय उरलेला ऑक्सिजनही रक्तातून पेशींना सहज सुटत नाही. मेंदू आणि हृदय यांना ऑक्सिजन सर्वात जास्त लागतो, म्हणून पहिला फटका त्यांनाच बसतो.

घरापेक्षा बोटीत धोका जास्त का? केबिन लहान असते, त्यामुळे थोडी गळतीही लवकर साठते. थंडी अडवण्यासाठी लोक फटी बुजवतात, हवेच्या जाळ्यांवर कापड कोंबतात. झोपायची जागा हीटरपासून चार पावलांवर असते. आणि बोट सतत हलत असल्यामुळे नळ्यांचे जोड हळूहळू ढिले होतात.

डिसेंबर २०१९ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क शहरात नदीकाठी बांधून ठेवलेल्या ‘डायव्हर्जन’ नावाच्या बोटीवर दोघांचा मृत्यू झाला. केबिनच्या डिझेल हीटरचा धूर आतच गळत होता आणि बोटीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नव्हता. त्याआधी २०१३ मध्ये विंडरमिअर तलावावर एका बोटीत आई आणि तिची लहान मुलगी अशाच विषबाधेने गेल्या. तिथे हीटर नव्हे, तर बोटीत बसवलेल्या जनरेटरच्या धुराची नळी सुटली होती. दोन्ही ठिकाणी उपकरण वेगळे, पण धुराने बाहेरची वाट सोडली हे कारण एकच.

हीटर निवडताना

बाजारात साधारण तीन प्रकारचे डिझेल हीटर मिळतात.

१. गरम हवा फेकणारा हीटर : वेबास्टो, एबरस्पेशर या कंपन्यांचे आणि त्याच धर्तीचे स्वस्त चिनी हीटर याच प्रकारातले. यात डिझेल एका बंद कप्प्यात जळते. ज्वलनासाठी हवा एका नळीतून येते, धूर दुसऱ्या नळीतून बोटीबाहेर जातो. केबिनमधली हवा त्या कप्प्याच्या बाहेरून फिरून गरम होते. तिचा आणि धुराचा संबंध येत नाही, येता कामा नये.

२. पाणी गरम करणारा हीटर : यात गरम पाणी नळ्यांतून रेडिएटरमध्ये फिरते. कायम राहण्याच्या मोठ्या नॅरोबोटींवर हा सोयीचा, कारण अंघोळीलाही गरम पाणी मिळते.

३. थेंबाथेंबाने डिझेल घेणारी शेगडी : हिला पंखा लागत नाही, वीजही फारशी लागत नाही. धूर धुराड्यातून आपोआप वर जातो. पण जोराच्या वाऱ्यात धूर उलटा आत येऊ शकतो, त्यामुळे धुराड्याची उंची आणि टोपी योग्य असावी लागते.

तिन्ही प्रकार चालतील. अट एकच, धूर बाहेर गेला पाहिजे. ज्याला धुराची नळीच नाही असा रॉकेलचा किंवा गॅसचा हीटर केबिनमध्ये झोपताना अजिबात वापरू नये. तो कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर निर्माण करतोच, शिवाय एक लिटर रॉकेल जळले की सुमारे एक लिटर पाण्याची वाफ केबिनमध्येच सुटते. भिंतींना ओल येते, बुरशी धरते आणि दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढतो.

किती क्षमतेचा घ्यावा? ‘मोठा घेतलेला बरा’ हा हिशेब इथे चुकतो. लहान बोटीला मोठा हीटर बसवला तर तो बहुतेक वेळ अगदी मंद आचेवर चालतो. मंद आचेवर डिझेल नीट जळत नाही, आत काजळी धरते आणि काजळी धरलेला हीटर अधिक कार्बन मोनॉक्साइड तयार करतो. साधारण २० ते २५ फुटी बोटीला २ किलोवॅट, ३० ते ४० फुटी बोटीला ४ किलोवॅट पुरतो. त्याहून मोठ्या बोटीसाठी बसवणाऱ्या तंत्रज्ञाकडून हिशेब करून घ्या. २ किलोवॅटचा हीटर पूर्ण क्षमतेवर ताशी साधारण पाव लिटर डिझेल घेतो, ४ किलोवॅटचा अर्धा लिटर.

बसवताना कुठे चुका होतात?

स्वस्तात मिळणारे बरेच हीटर मुळात ट्रक आणि व्हॅनसाठी बनवलेले असतात. त्यांच्याबरोबर येणारी धुराची नळी आणि सायलेन्सर गाडीच्या खाली, उघड्यावर बसवायचे असतात. अशा सायलेन्सरला पाणी निथळण्यासाठी बारीक भोक असते आणि त्याचे जोड हवाबंद नसतात. गाडीखाली त्याने फरक पडत नाही. तोच सायलेन्सर बोटीच्या पोटात बसवला, तर त्या भोकातून आणि सांध्यांतून निघणारा धूर थेट केबिनखाली साठतो. म्हणून बोटीसाठी बनवलेली, हवाबंद जोडांची नळी आणि सायलेन्सरच घ्या. किमतीत फरक पडतो, पण बचत करायची जागा ही नव्हे.

तंत्रज्ञाकडून पुढील गोष्टी तपासून घ्या :

• धुराच्या नळीचा प्रत्येक जोड घट्ट आणि हवाबंद आहे.
• नळी उष्णतारोधक पट्टीने गुंडाळलेली आहे. ती लाकूड, वायर किंवा डिझेलच्या नळीला चिकटलेली नाही.
• धूर बाहेर पडण्याचे तोंड पाण्याच्या पातळीच्या बरेच वर, आणि खिडकी, दार किंवा हवेच्या जाळीपासून दूर आहे.
• केबिनसाठी गरम होणारी हवा इंजिनच्या कप्प्यातून ओढली जात नाही. तसे असेल तर तिथला धूर आणि डिझेलची वाफ तुमच्या अंथरुणापर्यंत पोहोचते.
• गरम हवेचे पहिले तोंड मुलांच्या हाताला लागेल असे किंवा अंथरुणाजवळ नाही. तिथे भाजू शकते.

रोज चालवताना

• पहिल्यांदा चालू करताना थोडा पांढरा धूर येऊ शकतो. तो काही मिनिटांत थांबला नाही, किंवा काळा धूर येऊ लागला, तर हीटर बंद करा आणि तपासून घ्या.
• बटणानेच बंद करा, बॅटरीचा मुख्य स्विच लगेच काढू नका. बटण दाबल्यावरही पंखा काही मिनिटे फिरत राहतो, आतला कप्पा थंड करतो आणि उरलासुरला धूर बाहेर ढकलतो. मध्येच वीज तोडली तर हीटर आतून खराब होतो.
• दिवसचे दिवस मंद आचेवर ठेवू नका. अधूनमधून १५-२० मिनिटे पूर्ण क्षमतेवर चालवा, म्हणजे काजळी जळून जाते.
• बॅटरीकडे लक्ष ठेवा. हा हीटर पेटताना ८ ते १० अँपिअर आणि नंतर १ ते ३ अँपिअर वीज घेतो. बॅटरी उतरली की हीटर पेटण्याचा प्रयत्न करून पुन्हा पुन्हा बंद पडतो. न जळलेले डिझेल आत साठते.
• दर हिवाळ्याआधी तपासणी करून घ्या, आणि महिन्यातून एकदा नळीचे जोड स्वतः टॉर्चने पाहा. जोडाजवळ काळा डाग दिसला तर तिथून धूर गळतो आहे असे समजा.
• हवेच्या जाळ्या थंडीतही बुजवू नका.

हीटर चांगला असला तरी केबिनमध्ये विषारी धूर इतर वाटांनीही येतो. बोट उभी असताना इंजिन चालू ठेवले, शेजारच्या बोटीचा जनरेटर आपल्या खिडकीकडे तोंड करून लावला, स्वयंपाकाचा गॅस ऊब घेण्यासाठी पेटता ठेवला, किंवा विझत आलेली कोळशाची शेगडी आत आणली, तरी हेच होते. शेगडीचा जाळ दिसेनासा झाला तरी निखारे कित्येक तास कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात.

अलार्म : कोणता आणि कुठे?

ब्रिटनमध्ये बोट सेफ्टी स्कीमच्या नियमांनुसार एप्रिल २०१९ पासून राहण्याची केबिन असलेल्या बोटींवर कार्बन मोनॉक्साइड अलार्म असणे आवश्यक आहे. खोक्यावर ‘ईएन ५०२९१-२’ हा क्रमांक पाहून घ्या. बोटी आणि कॅराव्हॅनसारख्या हलत्या जागांसाठी तपासलेल्या अलार्मवर तो असतो. धुराचा अलार्म ही वेगळी वस्तू आहे; तो आगीची सूचना देतो, या वायूची नाही.

हा अलार्म वायूचे प्रमाण आणि वेळ या दोन्हींवर चालतो. हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू असेल तर तो ६० ते ९० मिनिटांत वाजतो, १०० भाग असतील तर १० ते ४० मिनिटांत, आणि ३०० भाग असतील तर ३ मिनिटांच्या आत. म्हणजे अलार्म वाजतो तेव्हा वायू काही काळ आत साठलेला असतो. ‘उगाच वाजतो’ म्हणून बॅटरी काढून ठेवू नका.

अलार्म हीटरपासून १ ते ३ मीटर अंतरावर, उंचावर, पण छताच्या कोपऱ्यात न दडवता लावा. झोपण्याची जागा वेगळी असेल तर तिथे दुसरा लावा. चाचणीचे बटण नियमित दाबून पाहा. आतल्या सेन्सरचे आयुष्य ठरलेले असते. मागे छापलेली तारीख उलटली की अलार्म बदला.

लक्षणे कशी ओळखाल?

सुरुवातीची लक्षणे अगदी सामान्य असतात :

• डोके दुखणे, जड वाटणे (बहुतेकांचे पहिले लक्षण)
• मळमळ, उलटी
• चक्कर, तोल जाणे
• खूप थकवा, अंगात त्राण नसणे
• धाप लागणे, छातीत धडधडणे
• गोंधळल्यासारखे होणे, साधा निर्णय न सुचणे

प्रमाण वाढले की छातीत दुखणे, झटके, बेशुद्धी आणि मृत्यू. त्वचा लालबुंद होते असे पुस्तकात असते, पण ते क्वचित आणि फार उशिरा दिसते. त्याची वाट पाहू नका.

बोटीवर खरी अडचण अशी, की डोकेदुखी आणि उलटीला लोक ‘बोट लागली’ म्हणतात. कधी रात्रीच्या मद्यपानावर, कधी फ्लूवर, कधी शिळ्या जेवणावर खापर फोडले जाते. फरक ओळखायला स्वतःला हे चार प्रश्न विचारा :

१. बोटीवरील इतरांनाही त्रास होतो आहे का? पाळलेला कुत्रा मलूल आहे का?
२. डेकवर किंवा किनाऱ्यावर गेल्यावर बरे वाटते आणि आत आल्यावर पुन्हा सुरू होते का?
३. हीटर, इंजिन किंवा शेगडी चालू असतानाच त्रास होतो का? हीटरची तपासणी कधी झाली?
४. अलार्म आहे का, आणि तो चालू आहे का?

बोट लागण्याचा त्रास पाणी हलते तेव्हा होतो. कालव्याच्या स्थिर पाण्यात, काठाला बांधलेल्या बोटीत, सकाळी उठल्यावर रोज डोके दुखत असेल तर तो बोट लागण्याचा प्रकार नाही. तसेच फ्लूमध्ये बहुधा ताप असतो. या विषबाधेत ताप नसतो.

संशय आला तर लगेच काय कराल?

१. सर्वांना मोकळ्या हवेत आणा. झोपलेल्यांना उठवा. गोंधळलेला माणूस डेकवरून पाण्यात पडू शकतो, म्हणून त्याला धरून किनाऱ्यावर न्या.
२. बाहेर पडता पडता हाताशी असेल तर हीटर किंवा इंजिन बंद करा, दारे उघडा. त्यासाठी आत रेंगाळू नका.
३. रुग्णवाहिका बोलवा. ब्रिटनमध्ये ९९९, भारतात १०८ किंवा ११२. फोनवर ‘कार्बन मोनॉक्साइडचा संशय आहे’ हे शब्द स्पष्ट सांगा.
४. माणूस बेशुद्ध असून श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करा.
५. सामान आणायलासुद्धा पुन्हा आत जाऊ नका.
६. बरे वाटू लागले तरी सर्वांनी त्याच दिवशी तपासून घ्या.

रुग्णालयात काय होते?

निदान रक्ततपासणीने होते. रक्तात कार्बॉक्सीहिमोग्लोबिन किती आहे ते मोजतात. धूम्रपान न करणाऱ्यांत ते २-३ टक्क्यांपर्यंत असते. धूम्रपान करणाऱ्यांत १० टक्क्यांपर्यंतही सापडू शकते. बाहेर आल्यापासून हे प्रमाण उतरू लागते. त्यामुळे उशिरा केलेली तपासणी ठीक आली तरी विषबाधा झालीच नाही असे म्हणता येत नाही. बाहेर केव्हा आलात आणि ऑक्सिजन केव्हा लावला, या वेळा लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा.

उपचार म्हणजे मास्कने जास्तीत जास्त ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला ४ ते ५ तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर साधारण एक ते दीड तास. बेशुद्ध झालेले, हृदयावर परिणाम झालेले आणि गरोदर रुग्ण यांच्याबाबतीत दाबाखालील ऑक्सिजनचा विचार डॉक्टर करतात.

घरी गेल्यावरही काही आठवडे लक्ष ठेवा. काही रुग्णांत बरे वाटल्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरणे, चिडचिड, स्वभावात बदल, चालताना तोल जाणे असे त्रास सुरू होतात. ‘बोटीवरचा प्रकार तर केव्हाच संपला’ असे न म्हणता पुन्हा डॉक्टरांना दाखवा.

कोणाला धोका अधिक?

गरोदर स्त्रिया : बाळाच्या रक्तात हा वायू अधिक प्रमाणात साठतो आणि उशिरा निघतो. आईला फक्त डोकेदुखी असली तरी बाळाला गंभीर इजा होऊ शकते. गरोदर असाल तर लक्षणे किरकोळ असली तरी रुग्णालयात जा.

हृदयरोगी : थोड्या प्रमाणातही छातीत दुखणे किंवा हृदयाचे ठोके अनियमित होणे सुरू होऊ शकते.

लहान मुले, वृद्ध, दम्याचे आणि रक्तक्षयाचे रुग्ण : यांना इतरांच्या आधी त्रास होतो. मुले डोके दुखते असे सांगत नाहीत. ती किरकिर करतात, जेवत नाहीत, पेंगतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऑक्सिमीटरवर ९८ दिसते, म्हणजे सगळे ठीक ना?
नाही. साध्या पल्स ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. रुग्ण गंभीर असतानाही तो ९८ दाखवू शकतो. कोविडनंतर हे यंत्र घरोघरी आले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

खिडकी थोडी उघडी ठेवली तर चालेल का?
हवा खेळती असणे चांगलेच, पण गळका हीटर त्याने सुरक्षित होत नाही. वारा फिरला तर बाहेर पडलेला धूर त्याच खिडकीतून आत येतो.

डिझेलचा वास येत नाही, मग काळजी कशाला?
वास येत असेल तर काहीतरी गळते आहे हे नक्की. वास येत नसेल तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

रात्रभर हीटर चालू ठेवावा का?
बोटीसाठीचा, बाहेर धूर सोडणारा, वेळेवर तपासलेला हीटर आणि चालू अलार्म असेल तर ठेवता येतो. यातली एकही गोष्ट नसेल तर झोपण्यापूर्वी केबिन गरम करा, हीटर बंद करा आणि जाड पांघरूण घ्या.

आम्ही महाराष्ट्रात राहतो, आम्हाला याचे काय?
आपल्याकडे बोटीत हीटर लागत नाही, पण हाच वायू बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरमधून, बाळंतिणीच्या खोलीतल्या कोळशाच्या शेगडीतून आणि बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेल्या गाडीतून जीव घेतो. काश्मीरच्या सहलीत हाऊसबोटीवर बुखारी पेटवलेली असेल, तर तिचे धुराडे बाहेर गेले आहे का आणि हवा यायला वाट आहे का, ते झोपण्यापूर्वी पाहा. वर दिलेले चार प्रश्न आणि सहा पायऱ्या तिथेही लागू पडतात.

घरच्यांसाठी

तुमचे कोणी बोटीवर राहत असेल तर आज फोनवर तीन गोष्टी विचारा. अलार्मवरची तारीख काय आहे? हीटर शेवटचा कधी तपासला? सकाळी उठल्यावर डोके दुखते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले, तर गोळी घेण्याचा सल्ला देऊ नका. हीटर बंद करून बाहेर पडायला आणि लगेच डॉक्टरांना दाखवायला सांगा. तपासणी होऊन दुरुस्ती होईपर्यंत त्या बोटीत रात्री झोपू नये.